सशाला शेक

उन्हाळा लागला की माझं डोकं तापतं आणि त्यात उन्हाचा वाटा फार थोडा असतो. यंदाचा वाटा शेजारच्या बाल्कनीतल्या सशाचा आहे. करडा, गुबगुबीत, पडक्या कानांचा ससा. शेजारची रिद्धी कॉलेजात जाते. गोड मुलगी आहे. तिने हौसेने आणला आणि परवा त्याच्यासाठी ऑनलाइन गार गादी मागवली. निळी, आत काहीतरी लिबलिबीत भरलेली, विजेशिवाय गार राहते म्हणे. मी बघायला गेले तर गादी पिंजऱ्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठोकून बसवलेली, आणि ससा तिच्यावर एक पाय उचलून उभा. गादीचा एक कोपरा कुरतडून झाला होता. आतलं निळं सशाच्या ओठांना लागलं होतं.

"रिद्धी, ही गादी आधी बाहेर काढ. त्याच्या पोटात जाईल ते."

"काकू, बिनविषारी आहे, लिहिलंय तसं. आणि बघा ना, बरोब्बर मापाची मिळालीय."

"त्याचाच तर राग येतोय मला. उभं राहायला दुसरी जागाच ठेवली नाहीस त्याला."

ती हसली. तेवढ्यात सशाने मागचा पाय आपटला. ठप्प. पुन्हा ठप्प. "बघा, किती खूश आहे," रिद्धी म्हणाली.

मी घरी आले आणि कुकर जरा जोरातच ओट्यावर आदळला. आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर केली. "आता कोणाचं चुकलं?" म्हणाले. चुकलं कोणाचंच नाही. सगळे प्रेमच करतायत. मला ज्याचा संताप येतो तो ह्या प्रेमाचा, आणि तो आजचा नाही.

हे फॅक्टरीत लागले म्हणून आम्ही सिल्वासाला आलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. फॅक्टरी जवळच्या मसाट गावात, धाग्याची. ह्यांच्या शर्टांना, केसांना, अगदी जेवणाच्या डब्याच्या झाकणाला त्या धाग्याचा बारीक तुसा चिकटून यायचा. आमच्या बैठ्या घरांच्या ओळीत नाशिकचे, पुण्याचे, जळगावकडचे, मधेच एखादं गुजराती कुटुंब. ओट्यावर बसलं की एका वाक्यात तीन भाषा नांदायच्या आणि कोणाचं काही अडायचं नाही. "वहिनी, लाईट गयी क्या तुमची पण?" हा प्रश्न एप्रिलमध्ये दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचा.

तो एप्रिल अजून माझ्या कातडीला आठवतो. खानदेशातलं ऊन मी पाहिलेलं होतं. ते भाजतं, पण कोरडं असतं, सावलीत गेलं की सोडतं. सिल्वासातलं ऊन सावलीतही सोबत यायचं. दमणगंगा दगडांमधून वाट काढत असायची, पण हवेत मात्र सगळीकडे पाणी. दुपारी फरशीवर ओला फडका फिरवला तर तो वाळायचा नाही आणि आपणही वाळायचो नाही. मानेला घामोळं, पदराला कायम ओल. ताडगोळेवाली दारावरून गेली की मी तिला थांबवायची, फक्त तिच्या पाटीतल्या त्या गार, पाणीदार गोळ्यांना हात लावायला मिळावा म्हणून. आणि त्या एप्रिलात मी बाळंत झाले.

माझी आई नव्हती. माहेरी जाऊन बाळंतपण करणार कोण? म्हणून ह्यांच्या आत्या अमळनेरहून आल्या. आत्याबाई. उंच, हाडापेराने मजबूत, हाताला चव आणि जिभेला धार. येताना डिंक, ओवा, बाळंतशेपा, खारका असा अख्खा संसार घेऊन आल्या, आणि ट्रंकेत जुन्या साडीत गुंडाळलेली लोखंडी शेगडी. स्टेशनवरून घरी पोचल्या, हातपाय धुतले, मला पाहिलं, आणि पहिलं काम काय केलं तर माझ्या खोलीची खिडकी लावली. फटीत चिंध्या कोंबल्या. माझ्या डोक्याला लोकरी टापर बांधलं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, त्यावर ओव्याची धुरी टाकली, आणि बाजेच्या चहूबाजूंनी चादरी सोडल्या.

"आत्याबाई, गरम होतंय हो," मी म्हटलं.

"होऊ दे पोरी. बाळंतिणीचं अंग कच्चं राहतं. आता गारठा भरला तर म्हातारपणी हाडं बोलतील."

कोणता गारठा? बाहेर डांबर वितळत होतं. पण हे मी मनात म्हटलं. कमरेसाठी म्हणून ह्यांनी कोणाकरवी तरी दमणहून विजेवरची शेकायची गादी आणवली होती. फॉरेनची. तिला एक वायर आणि वायरीवर फिरवायचं बटण. सगळी ओळ ती बघायला येऊन गेली. खाली निखारे आणि कमरेला फॉरेन, अशी मी दोन्हीकडून भाजून निघत होते आणि येणारी प्रत्येक बाई म्हणत होती, नशीबवान हो, किती करतात तुझं.

आपल्या भाषेचीही मला कधी कधी कमाल वाटते. शेक म्हणजे माया. आणि पाठ शेकून काढणं म्हणजे मार. एखादं प्रकरण अंगावर शेकतं तेव्हा त्यात माया नसते. एकच शब्द, आणि त्यातला कुठला अर्थ चालू आहे हे ज्याच्या अंगाला लागतंय त्यालाच कळतं. देणाऱ्याला काय कळणार?

त्याच घराच्या मागच्या ओट्यावर खडी होती. खडीसाखरेसारखी पांढरी म्हणून खडी. ह्यांच्या फॅक्टरीतले एक इंजिनीयर पुण्याला परत गेले, जाताना आपल्या सशांपैकी एक आमच्या दारात ठेवून गेले. "ठेवा हो वहिनी, काही त्रास नाही, नुसतं गवत खातो," म्हणाले. खातो म्हणाले आणि निघाली खाते. नुसती खाते नाही, तर येतानाच दिवस गेलेली. फॅक्टरीतून धाग्याचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, ज्यात येतात तसलं लाकडी खोकं ह्यांनी आणलं, एका बाजूला भोक पाडलं, आत पेंढा टाकला. सुरंगी गावाकडची एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन यायची, तिच्याकडून रोज मूठ-दोन मूठ. माझे शेवटचे दिवस आणि तिचेही. मी पाय सुजवून ओट्यावर बसायची आणि ती माझ्यासमोर लादीवर चारी पाय ताणून पसरायची, पोट लादीला टेकवून, कान मागे टाकून. तिला कोणी शिकवलं नव्हतं. लादी तापली की उठायची, दोन ढेंगा टाकून मोरीजवळच्या ओल्या लादीवर जाऊन पडायची. तिच्या सगळ्या शहाणपणाचं सार एवढंच होतं की इथे नको वाटलं की तिथे जायचं. मला तिच्याकडे बघून हेवा वाटायचा.

माझी मुलगी झाली आणि काही दिवसांतच खडीने आपल्या छातीपोटाचे केस उपटायला सुरुवात केली. पांढरे पुंजके तोंडात धरून खोक्यात नेऊन ठेवायची. सशीण अशीच घरटं करते, पिल्लांसाठी स्वतःच्या अंगाची गादी करते. हे मला नंतर कळलं. आत्याबाईंनी पाहिलं आणि हात कपाळाला लावला.

"माय वं, हिचे केस गळू राहिले. थंडी भरली हिला."

पिल्लं झाली. उघडी, गुलाबी, मिटल्या डोळ्यांची. खडीने त्यांना आपल्या केसांत गुरफटून टाकलं आणि स्वतः बाहेर येऊन लादीवर बसली. सशीण पिल्लांपाशी बसून राहत नाही. दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी जाते, पाजते, निघून येते. तिची रीत ती. पण आत्याबाईंच्या डोळ्यांसमोर बाळंतिणीचं एकच चित्र होतं, आणि त्या चित्रात बाळंतीण बाजेवर असते, पोराला कवटाळून, खिडक्या बंद. लादीवर हवा खात बसलेली बाळंतीण त्यांना बघवेना.

"कैदाशीण आहे," त्या माझ्या खोलीत येऊन म्हणाल्या. "लेकरं उघडी पडली आणि ही फिरू राहिली. तुला ती गादी नको असते ना? दे इकडे. तिला तरी शेक देते."

कमरेखालची ती गादी मी कधीच बाजूला सारली होती. त्यांनी ती उचलली आणि गेल्या.

मागच्या ओट्यावर काय काय घडलं ते त्यांनीच संध्याकाळी सांगितलं, अगदी निरागसपणे. पिल्लं आणि पेंढा बाजूला काढून त्यांनी गादी खोक्याच्या तळाला अंथरली. कडेला दुमडून, ठासून, कुठे उघडी फळी म्हणून ठेवली नाही. वर पुन्हा पेंढा, पिल्लं, आणि मग खडीला धरून आत घातलं. ती पळून येऊ नये म्हणून भोकावर फळी लावली आणि वरच्या झाकणावर पाटा ठेवला. गादीचं बटण फिरवलं. गरम होईना. आणखी फिरवलं. तरी होईना. मग शेवटपर्यंत फिरवून ठेवलं. होणार कशी गरम? लाईट गेलेली होती. आणि खिडकीला चिंध्या लावून बसलेल्या घरात दुपारी लाईट आहे की गेली हे कोणाला कळणार? पंखा तर त्यांनी बाळंतिणीच्या घरात लावूच दिला नव्हता.

त्या येऊन माझ्या खोलीच्या दारात चटईवर आडव्या झाल्या. हे फॅक्टरीत. माझी पोर रडून रडून झोपलेली, तिच्या मानेवर लाल पुरळ. मी चादरींच्या आत, टापर घालून, छताकडे बघत.

मग शेजारच्या घरातला रेडिओ एकदम चालू झाला. म्हणजे लाईट आली. आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. ठप्प. ठप्प ठप्प. लाकडावर पाय आपटल्याचा.

"आत्याबाई, खडी काहीतरी करतेय."

"नाचू राहिली," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "ऊब लागली ना जिवाला."

ठप्प. ठप्प. मी ऐकत राहिले. तो नाच नव्हता. हे मला पुस्तकातून कळलं नाही, कोणी सांगितलं नाही. बाजेवर पडल्या पडल्या माझीही टाच कितीतरी वेळ गादीवर आपटत होती, आणि मी तरी कुठे नाचत होते? आवाज भराभर यायला लागला. मग मधे मधे. मग थांबला.

मी उठले. चादर बाजूला केली, आत्याबाईंना ओलांडून गेले. "अगं वारा लागेल, काय करू राहिली," असं त्या मागून ओरडत होत्या. पाटा मी कसा उचलला ते मला माहीत नाही, टाके ताजे होते. झाकण काढलं आणि खोक्यातून तापलेल्या इस्त्रीचा वास आला. खडी कोपऱ्यात उभी फळीला चिकटलेली, तोंड उघडं, कान लालभडक. ते कान धरले तर चटका बसला. पोटाचे केस तिने स्वतःच उपटलेले, म्हणजे तिथे नुसती कातडी, आणि ती कातडी सगळी त्या गादीने भाजलेली. पिल्लांपैकी वरच्या केसांच्या पुंजक्यात चढलेली दोन हलत होती. बाकीची नाहीत.

मी तिला मोरीजवळच्या ओल्या लादीवर ठेवलं. मला स्वतःला त्या घटकेला जे जे हवं होतं ते तिला दिलं. सावली, लादी, वारा. पदराचं टोक साध्या पाण्यात भिजवून तिचे कान पुसत राहिले. आत्याबाई माठातलं गार पाणी ओतायला निघाल्या, तो तांब्या मी हाताने अडवला. कशी कोण जाणे, मला एवढं कळत होतं की आता पुन्हा कोणी काही भसकन तिच्या अंगावर करू नये. संध्याकाळी हे आल्यावर तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी न विचारता बरोबर गेले. डॉक्टर गुजराती होते, पोटाला मलम लावता लावता त्यांच्या मराठीत बोलले. ते बोलणं मी जन्मात विसरणार नाही.

"ताई, ससाला घाम नाय येत. त्याचा पंखा म्हणजे त्याचा कान. गरम दिला ते चालेल, नागडा पिल्लूला थोडा लागते पण. पण जायाला जागा कुठे दिला?"

जायला जागा. एवढंच. गादी गरम असो की गार, खोक्याच्या निम्म्याच भागाला हवी, कपड्याच्या घडीखाली हवी, आणि उरलेला निम्मा भाग मोकळा. पिल्लांना ऊब द्यायचीच तर खोक्याच्या बाहेरून एका बाजूला, अगदी मंद, आणि आधी आपला हात तिथे बराच वेळ ठेवून बघून. वायर तिच्या दातांना लागेल अशी कधीच नाही, कारण सशाला वायर आणि काडी यातला फरक कळत नाही. आणि लक्ष ठेवायला माणूस नसेल तर बटण बंद. पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांत मी बाटलीत पाणी गोठवून, ती जुन्या धोतरात गुंडाळून ओट्याच्या एका कडेला ठेवत गेले. खडीला वाटलं तर ती टेकायची, नाही वाटलं तर जायची. यात काय अवघड आहे? तरी त्या दिवशी सगळ्या ओळीने काय निदान केलं? नजर लागली. पांढरं जनावर घराला लाभत नाही. सशाचं काळीजच तेवढं. एका तोंडातून शेक हा शब्द निघाला नाही, कारण शेकाने कधी कोणाचं वाईट होतच नाही ना.

आणि त्याच संध्याकाळी, मेलेली पिल्लं मागच्या शेवग्याखाली पुरून झाल्यावर, आत्याबाईंनी माझ्या बाजेखाली शेगडी सरकवली.

मी फडक्याने शेगडी धरली, उचलली, अंगणात नेऊन ठेवली. टापर काढलं. खिडकीतल्या चिंध्या उपटल्या. पोरीच्या अंगावरचं दुपटं काढून तिला उघडी ठेवली, तर ती हातपाय ताणून अशी झोपली की जन्मल्यापासून तशी झोपली नव्हती. आत्याबाई रडल्या. "मी काय वैरीण आहे का गं तुझी?" ह्यांनी मला बाजूला घेऊन म्हटलं, "त्यांचं मन कशाला दुखवतेस, किती मायेनं करतात." मला त्या वाक्याचा जेवढा संताप आला तेवढा निखाऱ्यांचा आला नव्हता. वैरीण असती तर मी पहिल्या दिवशीच दार लावलं असतं. मायेपुढे दार लावता येत नाही, हीच तर अडचण आहे. माझं मन, माझी पाठ, माझ्या पोरीची मान, खडीचं पोट, यातलं काहीच दुखत नव्हतं का? आत्याबाई ठरल्यापेक्षा आधी अमळनेरला गेल्या. शेगडी घेऊन गेल्या. खडी जगली. पोटावर पुन्हा केस आले नाहीत, आणि लाकडी खोक्यात ती पुन्हा कधी गेली नाही. त्या दोन पिल्लांना ती ओट्यावर टोपलीत येऊन पाजायची आणि लगेच निघून जायची. कोणी तिला कैदाशीण म्हटलं नाही, कारण म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

रिद्धीला हे सगळं सांगावं असं काल फार वाटलं. सांगितलंही थोडंसं. "काकू, तेव्हा लोकांना माहिती नव्हती," ती म्हणाली. माहितीचा प्रश्न नाही गं बाई. खडी सांगत होती की. पाय आपटून आपटून सांगत होती.

दशक संपता संपता आत्याबाईंना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, एक बाजू गेली. आम्ही अमळनेरला बघायला गेलो तेव्हा चैत्र होता, अंगणातली कडुनिंबाची सावलीसुद्धा तापली होती. त्यांच्या मुलाने, भाऊंनी, आईची सेवा इतकी केली होती की गावात नाव निघत होतं. खिडक्या बंद. अंगावर गोधडी, तिच्यावर दुसरी गोधडी. कानांना मफलर. उदबत्त्यांचा धूर. आणि पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी, गार झाली की लगेच भरून ठेवलेली. आत्याबाई डोळे छताला लावून पडल्या होत्या. मी दारातच थांबले.

खोलीत आवाज येत होता. लाकडावर. ठप्प. ठप्प ठप्प.

"भजनाचा ताल धरते," भाऊ कौतुकाने म्हणाले. "शुद्ध नाही तरी देवाचं नाव सुटलं नाही. दिवसभर चालू असतं."

मी कोणाला काही विचारलं नाही. पुढे झाले आणि गोधड्या काढल्या. पिशवी उचलली तर खालच्या, निकामी पायाचा घोटा लाल होऊन फुगला होता. दुसऱ्या पायाची टाच पलंगाच्या फळीवर आपटत होती. मी मफलर सोडला, खिडकी ढकलली, पदराचं टोक तांब्यात बुडवून त्यांचे कान पुसले. एक कान, मग दुसरा. आत्याबाईंची नजर छतावरून खाली आली आणि माझ्यावर थांबली. मग चांगल्या हाताचं कोपर टेकून, दात खाऊन, त्या घामाने भिजलेल्या जागेवरून पलंगाच्या कोरड्या कडेला वीतभर सरकल्या. टाच थांबली.

"वहिनी, हे काय," भाऊ दुखावून म्हणाले. "आईला गारठा भरला म्हणजे?"

"तिला विचारलं होतं का?"

"तिला बोलता कुठे येतं?"

"बोलू राहिली होती की," मी म्हटलं. "केव्हाची बोलू राहिली होती."